नऊ मीटर चौदा

इंग्लंडमधल्या एका जुन्या इस्टेटच्या पार्कमधून पाइपलाइन जाणार होती. यंत्राने वरची माती खरवडली की खाली काय दिसतं ते नोंदवायचं, हे आम्हा पुरातत्त्ववाल्यांचं काम. पार्क अगदी नैसर्गिक वाटतो : उतारावर हिरवळ, मधूनमधून झाडांचे पुंजके, खाली तळं. प्रत्यक्षात हे सगळं मुद्दाम रचलेलं. अठराव्या शतकात 'केपेबिलिटी' ब्राउन हा उद्यानरचनाकार आणि त्याच्या पिढीने ही शैली रूढ केली आणि तिच्यापायी झाडांच्या कितीतरी सरळ रांगा तोडल्या गेल्या.

पिवळ्या चिकणमातीवर पहिला काळपट डाग दिसला, तेव्हा मी 'उन्मळलेल्या झाडाचा खळगा' असं लिहून पुढे निघाले. असे डाग आम्हाला पावलोपावली भेटतात. झाड उन्मळताना मुळांसकट मातीचा गड्डा उचलला जातो आणि मागे वेडावाकडा, बहुधा अर्धचंद्रासारखा खळगा राहतो. १९८७ च्या ऑक्टोबरमधल्या एकाच वादळात दक्षिण इंग्लंडमध्ये सुमारे दीड कोटी झाडं पडली होती.

सोबतचा शिकाऊ मुलगा मात्र डागापाशीच थांबला. हा तर चांगला गोल आहे, म्हणाला, आणि पलीकडे तसाच आणखी एक आहे.

मग अर्धा खड्डा कापून पाहिला. बाजू उभ्या, तळ सपाट. वाऱ्याने असा खड्डा होत नाही, त्याला फावडं लागतं. तळाशी बोटभर जाडीचा एक थर होता. ट्रॉवेलच्या, म्हणजे लहान थापीच्या टोकाने हळूहळू सोलत गेले, तर त्याची काळी बाजू खाली आणि फिकट बाजू वर. म्हणजे वरची हिरवळ कापून, पालथी करून खड्ड्यात घातली होती. ती कुजून रोपाला खत मिळावं, म्हणून माळी असं करतात. मी बराच वेळ त्या थराकडे पाहत बसले.

टेप लावला. पहिल्या खड्ड्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ९.१४ मीटर. पुढचं अंतर ९.१, त्यापुढचं ९.२. मीटरमध्ये हे आकडे विचित्र वाटतात. फुटांत मोजले की बरोबर ३०. संध्याकाळपर्यंत असे सात खड्डे मिळाले, मध्ययुगीन नांगरटीच्या वाफ्यांना छेदून गेलेले. म्हणजे झाडं लागण्याआधी इथे शेती होती. तीन खड्ड्यांत लाल-पांढऱ्या काठ्या रोवल्या आणि एक डोळा मिटून पाहिलं. रांग थेट वाड्याच्या मुख्य दाराच्या मध्यावर जात होती. एकोणिसाव्या शतकातल्या ऑर्डनन्स सर्व्हेच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याच्या, नकाशात त्या जागी मोकळं गवत आहे.

सहा खड्ड्यांच्या तळातून मुळांच्या काळ्या रेघा चिकणमातीत खोल उतरल्या होत्या. सातव्यात एकही नव्हती. त्याच्याच भरावात दुसरा, जरा लहान खड्डा खणलेला होता आणि मुळं त्यातून निघाली होती. पहिलं रोप जगलं नव्हतं. कुणीतरी परत येऊन त्याच जागी दुसरं लावलं होतं.

वहीतली सकाळची नोंद खोडली. उजेड होता तोवर आम्ही दोघांनी त्या सातव्या खड्ड्याचं चित्र काढलं.