आठ मैलांवरची भिंत

अमेरिकेत डेट्रॉइटच्या उत्तरेला उपनगरात घर शोधत होतो तेव्हा इथली मराठी मंडळी पहिलं एकच विचारायची, "शाळा कुठली लागते?" सरकारी शाळा इथे पत्त्यावर ठरते. शाळा चांगली, तर घर महाग. फी नसते म्हणतात, पण ती घराच्या हप्त्यातूनच जाते.

डेट्रॉइट शहराची उत्तरेची हद्द म्हणजे एट माइल रोड. त्याच्या दक्षिणेला बर्वुड स्ट्रीटजवळ एक भिंत आहे. जेमतेम सहा फूट उंच, अर्धा मैल लांब. 1941 साली एका बिल्डरने घातली. शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती म्हणून सरकारी संस्था त्याच्या गोऱ्यांसाठीच्या घरांच्या कर्जाला हमी देईना. भिंत उभी राहिली आणि हमी मिळाली! आता तिच्यावर रंगीत चित्रं आहेत.

ज्यांना तेव्हा कर्ज मिळालं त्यांची घरं वाढली, मुलांकडे गेली. फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या 2022 च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती सुमारे 2,85,000 डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबाची 44,900. शाळांच्या हद्दी मोडायचा प्रयत्नही इथूनच झाला होता. शहर आणि उपनगरांतली मुलं एकत्र शिकवावीत, असा खालच्या कोर्टाचा आदेश होता. 1974 मध्ये सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी तो फिरवला.

आमच्या गणेशोत्सवात दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, "आपली पोरं मुळात हुशार." मीही मान डोलवायचे. अहो, पदवी आणि नोकरी बघून, व्हिसाच्या चाळणीतून गाळून आलेले आपण. पोरांची तुलना कुणाशी करतोय?

माझा ऑफिसमधला एक मित्र कृष्णवर्णीय आहे. पगार आमचा जवळपास सारखा. माझं इंजिनिअरिंग बाबांच्या बँकेतल्या नोकरीवर झालं, डोक्यावर कर्ज नव्हतं. तो चाळिशीतही शिक्षणाचे हप्ते फेडतोय, शिवाय आईच्या घराचं गळकं छप्पर त्यानेच बदललं. तरी पै पै जोडून त्याने आमच्याच हद्दीत घर घेतलं.

सहावीत त्याच्या मुलाला वरच्या गणिताच्या वर्गात घालायचं होतं. मार्क होते. शाळेने मित्राला दोनदा बोलावून विचारलं, "झेपेल ना त्याला?"

माझ्या लेकीचे मार्क त्याच्याहून चार कमी. तिला परस्पर त्याच वर्गात घातलं होतं, मला नुसती ईमेल आली.