आमची वाटचाल: तारखांचा हिशेब हाच व्यवसाय

दोन तारखांमध्ये किती दिवस, या प्रश्नावर आमची फर्म उभी आहे. आम्ही दोघे भागीदार आधी इतरांना वेबसाइट करून द्यायचो. जवळजवळ प्रत्येक ग्राहकाच्या कामात कुठेतरी तारखेचा एखादा हिशेब निघायचाच: अर्जदाराचं वय, वर्गणी संपण्याची तारीख, पुढची सुट्टी, मुदतीला उरलेले दिवस. बाकीच्या कामापुढे हा भाग किरकोळ समजला जाई आणि शेवटच्या दिवसावर ढकलला जाई. मला मात्र त्याच चार-दहा ओळी सगळ्यांत जबाबदारीच्या वाटायच्या. पानाचा रंग थोडा इकडेतिकडे झाला तर कोणाचं अडत नाही, पण वयाचा हिशेब एका दिवसाने हुकला तर पात्र माणसाचा अर्ज बाद होतो. म्हणून ठरवलं, हेच काम घ्यायचं आणि नीट करायचं.

पहिलं पान अगदी साधं होतं. दोन तारखा टाका, मधले दिवस मिळवा. लोक वापरू लागले आणि लगेच विचारू लागले की १ ते ३१ तारखेपर्यंत तुम्ही ३० दिवस का दाखवता, आम्ही तर ३१ दिवस रजा घेतली. दुसऱ्या बाजूला भाड्याच्या खोलीचा हिशेब करणाऱ्याला ३० हाच आकडा हवा होता, कारण तो रात्री मोजत होता. दोघांचंही बरोबर. वजाबाकी एकच, पण पहिला दिवस धरायचा की सोडायचा, शेवटचा धरायचा की सोडायचा, हे कामावर ठरतं. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक पानावर ‘दोन्ही दिवस धरून’ आणि ‘पहिला दिवस सोडून’ असे दोन पर्याय ठळक दिसतात आणि उत्तराखाली कोणता नियम लावला तेही लिहिलेलं असतं. आमच्या व्यवसायाचं सगळं सूत्र त्यातून निघालं: गणित करण्याआधी माणसाच्या मनातला नियम विचारायचा.

स्क्रिप्ट, म्हणजे पानामागचा हिशेब करणारा कोड, आम्ही जावास्क्रिप्टमध्येच लिहितो, कारण ती प्रत्येक ब्राउझरमध्ये चालते. पण तारखांच्या बाबतीत ही भाषा जपून वापरावी लागते. ती १९९५ मध्ये फार घाईने तयार झाली आणि तारखेची रचना तिने जावा या दुसऱ्या भाषेच्या पहिल्या आवृत्तीतून उचलली. त्यात महिने शून्यापासून मोजतात, म्हणजे जानेवारी ० आणि डिसेंबर ११. हे लक्षात ठेवता येतं. खरी अडचण खोलवर आहे. त्या रचनेत निव्वळ तारीख अशी गोष्टच नाही. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाण वेळेनुसार, किती मिलिसेकंद उलटले एवढा एकच आकडा आत साठवलेला असतो. म्हणजे ती तारीख नसून एक क्षण असतो.

माणसाचा जन्मदिनांक हा क्षण नाही. तो कोणत्याही टाइम झोनमध्ये तोच राहतो. तरीही वर्ष-महिना-दिवस अशी आडव्या रेघांनी जोडलेली तारीख जावास्क्रिप्टला दिली, तर भाषा ती यूटीसीतली मध्यरात्र समजते, आणि ग्रिनिचच्या पश्चिमेला बसलेल्या वाचकाला स्थानिक वेळेत आदला दिवस दिसतो. न्यूयॉर्कमधल्या माणसाला स्वतःचा वाढदिवस एक दिवस अलीकडे दिसण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

दिवस मोजतानाही तेच. दिवसाचे ८,६४,००,००० मिलिसेकंद, म्हणून दोन तारखांमधला फरक या आकड्याने भागायचा, असं बहुतेक नवखे लिहितात. जिथे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात तिथे वर्षातला एक दिवस २३ तासांचा आणि एक २५ तासांचा असतो. मग ३० ऐवजी २९.९६ दिवस येतात आणि अपूर्णांक कापला की २९. साओ पावलोत तर घड्याळ मध्यरात्रीच पुढे जाई, त्यामुळे त्या दिवशी रात्री बारा ही वेळच अस्तित्वात नसे. ब्राझीलने ही पद्धत २०१९ मध्ये बंद केली, पण आधीच्या वर्षांच्या तारखा अजून लोकांच्या नोंदींत आहेतच. आमच्याकडे नियम पक्का आहे: वापरणाऱ्याने दिलेली तारीख वर्ष, महिना, दिवस अशा तीन आकड्यांतच ठेवायची, आणि मोजायच्या वेळी ती यूटीसीत बदलून दिवसांचा पूर्णांक काढायचा. स्थानिक घड्याळाला मध्ये येऊच द्यायचं नाही.

तपासणीसाठी ग्रेगोरियन, म्हणजे आपल्या रोजच्या जानेवारी-डिसेंबरच्या, कॅलेंडरची एक सुंदर गोष्ट हाताशी आहे. ४०० वर्षांत ९७ लीप वर्षं, म्हणजे एकूण १,४६,०९७ दिवस, आणि हा आकडा ७ ने निःशेष जातो. म्हणजे दर ४०० वर्षांनी वारांसकट सगळं कॅलेंडर जसंच्या तसं परत येतं. त्यामुळे आम्ही नमुन्यादाखल पाच-पन्नास तारखा तपासत नाही, अख्खं चक्र तपासतो. संगणकाला ते क्षणाचं काम. या चक्रात १३ तारीख ४,८०० वेळा येते आणि त्यातले ६८८ शुक्रवार असतात, इतर कोणत्याही वारापेक्षा जास्त. आमच्या गणनेतून हा आकडा निघतो की नाही हेही आम्ही पाहतो.

पुढे कार्यालयांकडून सुट्ट्यांच्या याद्यांची कामं येऊ लागली आणि व्यवसायाने खरा जीव धरला. अनेक देशांत कर्मचारी असलेल्या कंपनीला विचारायचं असतं की आजपासून कामाचे २० दिवस मोजले तर कोणती तारीख येते. ठरलेल्या तारखेच्या सुट्ट्या सोप्या. ‘महिन्यातला चौथा गुरुवार’ अशा सुट्ट्याही सोप्या, कारण चौथा गुरुवार कायम २२ ते २८ या तारखांमध्येच येतो. महिन्याच्या पहिल्या दिवसाचा वार कळला की झालं.

ईस्टर हा ख्रिस्ती सण मात्र मन लावून शिकावं असं प्रकरण आहे. वसंतसंपातासाठी, म्हणजे वसंतातल्या समान दिवस-रात्रीसाठी, २१ मार्च धरायचा, त्या दिवशी किंवा नंतर येणारी चर्चच्या कोष्टकातली पौर्णिमा घ्यायची आणि तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर. तो २२ मार्च ते २५ एप्रिलमध्ये कुठेही येऊ शकतो. २०२४ मध्ये ३१ मार्चला होता, २०२५ मध्ये २० एप्रिलला, आणि २०३८ मध्ये तो अगदी शेवटच्या टोकाला, २५ एप्रिलला जाईल. गणिती गाऊसने १८०० मध्ये यासाठी केवळ भागाकार आणि बाक्यांची रीत दिली. त्याच वळणाची, अपवाद न लागणारी रीत पुढे १८७६ मध्ये छापली गेली आणि आजही जगभरच्या स्क्रिप्टमध्ये तीच चालते. वर्षाला १९ ने भागून सुरुवात होते, कारण चंद्राच्या कला साधारण १९ वर्षांनी त्याच तारखांना परततात. दहा-बारा ओळींत सगळं बसतं. मी अनेकांना शिकवताना याच ओळी घेतो, कारण खगोल, धर्म आणि अंकगणित इतक्या थोड्या जागेत एकत्र आलेलं दुसरीकडे सहसा सापडत नाही. ईस्टरवरून बाकीचे दिवस निघतात: गुड फ्रायडे दोन दिवस आधी, आणि चाळिसावा दिवस म्हणवणारा येशूच्या स्वर्गारोहणाचा सण ३९ दिवसांनी. चाळिसावा तरी ३९ का? कारण तिथे पहिला दिवस धरून मोजतात. पुन्हा तोच आमचा पहिला प्रश्न.

निखळ चांद्र कॅलेंडरच्या सुट्ट्यांना आम्ही सूत्र लावून मोकळे होत नाही. इस्लामी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं असतं, म्हणून त्यातला प्रत्येक सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, आणि अनेक देशांत अंतिम तारीख चंद्रदर्शनावर ठरते. गणिताने काढलेल्या तारखेपुढे आमचं पान ‘अंदाजे’ असं लिहितं आणि अधिकृत घोषणा झाली की कोष्टक बदलतो. एका सणाला वर्षातली एकच जागा ठेवणारा कोड २०३० मध्ये अडकेल. त्या वर्षी रमजान दोनदा सुरू होतो, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरमध्ये. आमच्या यादीत म्हणूनच सण आणि वर्ष यांची जोडी एकास एक नसते.

बदली सुट्टीचंही असंच. अमेरिकेत संघीय सुट्टी शनिवारी आली तर साधारणपणे आदल्या शुक्रवारी देतात. ब्रिटनमध्ये पुढच्या कामाच्या दिवशी. १ जानेवारी २०२२ शनिवारी होता, त्यामुळे अमेरिकेच्या सरकारी नोकरांची २०२२ ची नववर्षाची सुट्टी ३१ डिसेंबर २०२१ ला पडली. फक्त २०२२ सालातल्या तारखा निवडणाऱ्या स्क्रिप्टला ती दिसतच नाही. साप्ताहिक सुट्टीसुद्धा कायमची नसते. संयुक्त अरब अमिरातीने जानेवारी २०२२ पासून सरकारी कार्यालयांसाठी ती शुक्रवार-शनिवारवरून शनिवार-रविवारवर आणली आणि शुक्रवार अर्धा दिवस केला. म्हणून आमच्या कोष्टकात प्रत्येक नियमापुढे ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ असे दोन रकाने आहेत. जुन्या तारखांचा हिशेब जुन्याच नियमाने झाला पाहिजे.

कार्यालयांच्या कामावर फर्म चालते, पण माझा सगळ्यांत जास्त जीव आहे तो वैयक्तिक टप्प्यांच्या पानावर. जन्मतारीख टाकली की ते पुढचे टप्पे मांडतं. १०,००० वा दिवस सुमारे २७ वर्षं साडेचार महिन्यांनी येतो. एक अब्ज सेकंद पूर्ण व्हायला ११,५७४ दिवस आणि वर थोडा वेळ लागतो, म्हणजे ३१ वर्षं आणि साधारण सव्वाआठ महिने. हजार पौर्णिमा ८० वर्षं आणि सुमारे १० महिन्यांत होतात. शनी सूर्याभोवती साडेएकोणतीस वर्षांत फिरतो, तेव्हा शनीच्या हिशेबाने पहिला वाढदिवस तिशीच्या उंबरठ्यावर येतो. १९ वर्षं म्हणजे जवळजवळ नेमके २३५ चांद्रमास, फरक दोन-एक तासांचा. म्हणून एकोणिसाव्या वाढदिवसाला चंद्राची कला बहुतेक वेळा जन्माच्या वेळेसारखीच असते. लोक हे आकडे काढून एकमेकांना पाठवतात. आईवडिलांचा विसाहजारावा दिवस आधी कळला आणि सगळे एकत्र जमले, असं कोणी लिहून कळवतं, तेव्हा मला या कामाचं मोल नव्याने कळतं.

या पानामागेही नियमांचा मोठा पसारा आहे. २९ फेब्रुवारीला जन्मलेल्या माणसाचं वय साध्या वर्षी कधी वाढतं? तैवानमध्ये कायद्याने २८ फेब्रुवारीला, हाँगकाँगमध्ये १ मार्चला. जपानमध्ये १९०२ च्या कायद्यानुसार वय वाढदिवसाच्या आदल्या दिवशीच पूर्ण होतं, म्हणून १ एप्रिलला जन्मलेलं मूल २ एप्रिलला जन्मलेल्यापेक्षा एक वर्ष आधी शाळेत जातं. दक्षिण कोरियाने जून २०२३ मध्ये कायदेशीर कामांसाठी आंतरराष्ट्रीय पद्धतीचं, म्हणजे जन्मापासून पूर्ण झालेली वर्षं मोजणारं वय सर्वत्र लागू केलं; त्याआधी एकाच माणसाची दोन-तीन वयं सांगता येत. सामोआने आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली, तेव्हा ३० डिसेंबर २०११ हा दिवस तिथे उगवलाच नाही. तिथे त्या तारखेला ज्यांचा वाढदिवस होता, त्यांना ‘जगलेले दिवस’ काय सांगायचे? आम्ही तिथे कॅलेंडरचे दिवस आणि प्रत्यक्ष उलटलेले चोवीस तासांचे दिवस असे दोन आकडे देतो आणि फरक का पडला ते एका वाक्यात लिहितो.

जुन्या माणसांच्या तारखा टाकल्या की कॅलेंडरच विचारावं लागतं. ग्रेगोरियन कॅलेंडर लागू झालं तेव्हा ४ ऑक्टोबर १५८२ च्या दुसऱ्या दिवशी रोममध्ये १५ ऑक्टोबर होता, पण ब्रिटन आणि त्याच्या वसाहती १७५२ पर्यंत जुन्याच कॅलेंडरवर होत्या. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची जन्मतारीख जुन्या पद्धतीने ११ फेब्रुवारी १७३१ आणि नव्या पद्धतीने २२ फेब्रुवारी १७३२, कारण तेव्हा ब्रिटिश वसाहतींत वर्षही मार्चमध्ये बदलत असे.

एक निर्णय आम्ही सुरुवातीलाच घेतला आणि त्याची किंमत मोजली. जन्मतारीख ब्राउझरबाहेर जाणार नाही. हिशेब वाचकाच्याच यंत्रावर होतो, सर्व्हरकडे काहीच येत नाही. एका मोठ्या ग्राहकाला टप्प्यांचं पान आपल्या साइटवर हवं होतं, सोबत टाकलेल्या जन्मतारखा साठवून हव्या होत्या. आम्ही नकार दिला आणि ते काम गेलं. आजही तोच नकार देऊ. जन्मतारीख ओळख पटवायला वापरतात. गंमत म्हणून टाकलेली ती कुणाच्या साठ्यात पडून राहता कामा नये.

कमाई कुठून होते, असं नवे लोक विचारतात. आमच्या साइटवरची पानं सगळ्यांना मोफत आहेत. कंपन्या आणि संस्था तीच पानं आपल्या साइटवर बसवून घेतात, सुट्ट्यांची कोष्टकं अद्ययावत ठेवण्याची वार्षिक वर्गणी भरतात, आणि त्यावर फर्म व्यवस्थित चालते. सूत्रं एकदा लिहून होतात, कोष्टकांना दरवर्षी माणूस लागतो. सरकारं सुट्ट्या ऐन वेळी जाहीर करतात, बदलतात, रद्दही करतात. हे काम पाहायला आमच्याकडे आता पूर्ण वेळ सहकारी आहेत.

सध्या जावास्क्रिप्टमधल्या टेम्पोरल या नव्या रचनेकडे सरकण्याचं काम चालू आहे. तिच्यात निव्वळ तारीख आणि क्षण हे दोन वेगळे प्रकार आहेत. जी शिस्त आम्ही हाताने पाळत आलो ती आता भाषेतच आली, याचा फार आनंद आहे. सगळ्या ब्राउझरमध्ये ती अजून नसल्याने जुना कोड आणि नवा कोड दोन्ही ठेवले आहेत आणि ४०० वर्षांच्या पूर्ण चक्रावर दोघांची उत्तरं ताडून पाहतो. एका ठिकाणी मुद्दाम फरक ठेवला आहे. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला तर जुनी रचना पुढे घसरून मार्चच्या २ किंवा ३ तारखेला जाते, टेम्पोरल फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी थांबते. हप्त्यांच्या तारखा काढणाऱ्यांना शेवटचा दिवस हवा असतो, पण काही करारांत अशी तारीख आली की थांबून विचारा असं म्हटलेलं असतं, आणि टेम्पोरलमध्ये तीही सोय आहे. पुढच्या आवृत्तीत हा पर्याय पानावरच, ‘दोन्ही दिवस धरून’च्या शेजारी येतो आहे.