तुम्ही विचारलंत म्हणून: नळी तुंबली, निघाली तर काय करता?

ज्यांच्या घरी कुणाला डॉक्टरांनी जेवणासाठी पोटात नळी टाकायला सांगितलीये ते सगळे मला हेच विचारतात, ताई, ती तुंबली किंवा निघाली तर काय करता, भीती नाही का वाटत? वाटते. दोन वर्षं झाली तरी वाटते.

मला मोटर न्यूरॉन आजार आहे, म्हणजे स्नायूंना हलवणाऱ्या नसा हळूहळू निकामी होतात, सुरुवात जीभ आणि घशापासून झाली, त्यामुळे बोलणं गेलं, गिळणं गेलं, हात अजून चालतात म्हणून टाइप करते. आधी नाकातून राईल्स ट्यूब होती, घसा सतत दुखायचा, मग एंडोस्कोपी करून पेग बसवली, म्हणजे पोटावरच्या भोकातून थेट जठरात जाणारी नळी.

जास्त त्रास तुंबण्याचाच. आणि माझी नळी तरी जेवणापेक्षा गोळ्यांनीच जास्त तुंबलीये. एकदा रात्री सासूबाईंनी गोळी कुटली, घाईत जरा रवाळ राहिली आणि सिरिंजचा दट्ट्या पुढे जाईचना, दाबला की परत मागे. ह्यांनी जोर लावायला घेतला तसा मी हात धरला, जोराने नळीच फाटते कधीकधी. मग कोमट पाणी थोडं आत, थोडं बाहेर, दहा मिनिटं थांबायचं, परत तेच, असं पाऊण तास चाललं आणि एकदम पाणी सरकन खाली गेलं. सासूबाईंना रडूच फुटलं. कुणी कोक घालायला सांगितलं तर घालू नका, आंबटाने दुधाचं फीड, म्हणजे नळीतून देतात ते पातळ जेवण, आत फाटतं, गुठळी अजून घट्ट होते.

तेव्हापासून प्रत्येक फीडच्या आधी आणि नंतर 30 मिली पाणी, प्रत्येक गोळी वेगळी आणि पिठासारखी बारीक, दोन गोळ्यांच्या मध्ये परत पाणी. पॅन्टोप्राझोलसारखी कोटिंगची गोळी मात्र कुटायचीच नाही, ते कोटिंग औषधाला पोटातल्या ॲसिडपासून वाचवतं, डॉक्टरांकडून दुसरं काही लिहून घ्या. मुगाचं पाणीसुद्धा आम्ही मिक्सरमधून काढून मलमलच्या फडक्यातून गाळतो.

निघाली एकदाच. पहाटे कूस बदलली तर गाऊन ओला लागला, हात लावला तर नळी हातातच, नळीला आत धरून ठेवणारा पाण्याचा फुगा फुटलेला. मला ओरडताही येत नाही, उशाशी घंटी असते ती वाजवली. ह्यांनी स्वच्छ गॉज ठेवला, निघालेली नळी पिशवीत घेतली आणि थेट हॉस्पिटल, कारण ते भोक काही तासांतच बुजायला लागतं. माझ्या भोकाची वाट जुनी, पक्की झालेली होती म्हणून नवीन नळी तिथेच पाच मिनिटांत बसली. पेग नुकतीच बसवलेली असेल तर घरी आत ढकलायचा प्रयत्न अजिबात करू नका, ती पोटाच्या बाहेर भलतीकडेच जाऊ शकते आणि ते जिवावर बेततं.

आता दर आठवड्याला फुग्यातलं पाणी काढून मोजतो, कमी भरलं की समजायचं गळतंय.

दुपारी एकला सगळे जेवायला बसतात तेव्हा माझं फीडही तिथेच लावतात, पाठ सरळ ठेवून, संपल्यावरही तासभर आडवं व्हायचं नाही. आमटीच्या फोडणीचा वास येतो, त्याचा त्रास पहिले सहा महिने फार झाला, आता मीच खूण करून सांगते, हिंग कमी पडलंय.

आणि हो, नळीवर तिच्या जाडीचा नंबर असतो, त्याचा फोटो आजच मोबाईलमध्ये काढून ठेवा. माझ्या नळीवर 20 आहे, त्याच नंबरची एक जादा नळी कपाटात असते.