तुम्ही विचारलंत म्हणून: जाळ वाढला तर चूल विझते कशी?

व्याख्यान कुठलंही असो, हा प्रश्न येतोच. रंकाळ्यावर सकाळी फिरतानाही येतो, लग्नाच्या पंगतीतही येतो. "सर, विश्व तापलं म्हणून लहान दीर्घिकांत तारे जन्मायचे थांबले म्हणता. तापल्यावर उलट जास्त पेटायला पाहिजेत की!" आणि हल्ली त्याला जोडून दुसरा: "मग ती लिओ पी परत कशी सुरू झाली?" लिओ पी ही अशीच एक लहान दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांची छोटी वसाहत; तिथं थांबलेला ताऱ्यांचा जन्म पुन्हा सुरू झाला, अशी बातमी होती. हा दुसरा विचारणारा ती वाचून आलेला असतो. आपण सरांना पकडलंय, हे त्याच्या तोंडावर दिसतं.

पकडलंत, मान्य. पण तुमच्या आधी एकानं पकडलं होतं.

पहिल्याचं उत्तर शंभरदा दिलंय, आणखी एकदा देतो. तारा व्हायचा तर वायू आधी गार होऊन आकसावा लागतो, पेटणं नंतरचं. विश्वाच्या पहिल्या साधारण 1 अब्ज वर्षांत आद्य ताऱ्यांच्या आणि दीर्घिकांच्या अतिनील प्रकाशानं सगळीकडच्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन उडवले आणि वायू 10,000 अंशांच्या आसपास तापला. इतक्या तापलेल्या वायूचे कण सेकंदाला 10-15 किलोमीटर वेगानं धावतात. आपल्या आकाशगंगेसारख्या मोठ्या दीर्घिकेला त्याचं काही वाटत नाही, तिची ओढ दांडगी. बटू, म्हणजे लहानशा, दीर्घिकेला मात्र हा वायू धरून ठेवता येत नाही, बाहेरचा आत ओढणं तर लांबच. लहान पातेल्यातलं दूध उतू जातं आणि त्याच जाळावर मोठा हंडा गप्प असतो, तसं. पातेल्याचा दाखला माझा आवडता. त्यानंच घात केला.

2015 साल. भोगावतीकाठच्या मामांच्या गावी गणपतीत व्याख्यान होतं. मामांचं गुऱ्हाळ, हयात काहिलीपुढं गेलेली. पहिल्या रांगेत इस्त्रीची टोपी घालून बसले होते. मी हबल दुर्बिणीनं तपासलेल्या अतिशय मंद प्रकाशाच्या सहा बटू दीर्घिका दाखवल्या. त्यांतले सुमारे 80 टक्के तारे त्या पहिल्या अब्ज वर्षांतलेच, पुढं जवळजवळ शुकशुकाट. हे निष्कर्ष आदल्याच वर्षी आले होते, मी जोरात होतो. "एकदा उतू गेलं, विषय संपला," असं टाळीचं वाक्य टाकलं.

मामा उठले. "भाच्या, फेस वर आला म्हंजे समदं सांडलंच असं नसतंय. काहिलीत काठापातुर येतंय, जाळ कमी केला, शेंगतेलाचे दोन थेंब टाकले की खाली बसतंय. तुझ्या त्या वायूचा जाळ कधी कमी हुत न्हाई व्हय?"

खरं तर सगळ्या संध्याकाळीतला तो एकच कामाचा प्रश्न होता. मी माइकवरून म्हणालो, "मामा, हे खगोलशास्त्र आहे, गुळाचं आधण नव्हे." मंडप हसला. मामाही थोडं हसले, खाली बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि शेवटपर्यंत तिची घडी नीट करत राहिले. रात्री निघताना नेहमीसारखी गुळाची ढेप गाडीत ठेवली. त्यानंतर माझ्या एकाही व्याख्यानाला आले नाहीत.

तेव्हाचा मी अजून भांडतो: सहाच्या सहा दीर्घिका एकच सांगत होत्या, मी काय चूक बोललो? बोललास ते चूक नव्हतं रे, लपवलंस ते चूक होतं. 2007 मध्ये सापडलेली लिओ टी तुला माहीत होती. इवलीशी, तरी पोटात वायू आहे आणि गेल्या अब्ज वर्षांत जन्मलेले तारेही आहेत. तिची स्लाइड तयार होती. गोष्ट बिघडते म्हणून तू ती गाळलीस. आणि मामा म्हणाले ते जवळपास तसंच मासिमो रिकॉटी या शास्त्रज्ञानं 2009 मध्ये मांडलं होतं: विश्व फुगत जातं तसा बाहेरचा वायू निवतो आणि लहान दीर्घिका तो उशिरा का होईना पुन्हा ओढू शकते. ते मी वाचलेलं नव्हतं. मामांनीही नव्हतं, पण त्यांना ते सुचलं.

लिओ पी आपल्यापासून सुमारे 53 लाख प्रकाशवर्षांवर, एकटीच. वेब दुर्बिणीतून तिचे जुने तारे मोजले तेव्हा दिसलं की आधी तारे जन्मले, मग काही अब्ज वर्षं सामसूम, मग पुन्हा सुरुवात. हे 2024 मध्ये प्रसिद्ध झालं. मामा 2022 मध्ये गेले.

तरीही "मग तुमचं सगळंच चुकलं" असं म्हणू नका, तिथं मी ऐकणार नाही. त्या सहा विझलेल्याच आहेत. फरक इतकाच की त्या आकाशगंगेच्या शेजारी राहतात. त्यांचा वायू त्या प्राचीन तापानं घालवला, त्यांच्याच स्फोट पावलेल्या ताऱ्यांनी उडवला, की आकाशगंगेनं ओरबाडून घेतला, हे अजून नीट वेगळं करता आलेलं नाही. नेमकं किती वस्तुमान असलं की फेस खाली बसतो आणि किती कमी असलं की सांडतोच, यावरही वाद चालू आहे.

पातेल्याचा दाखला मी अजून देतो. लोकांना पटकन कळतो. लिओ टीची स्लाइड आता असते, शेवटून दुसरी. तिथवर येईतो बऱ्याचदा वेळ संपलेली असते.