बुकरच्या यादीतली आई

अवनी दोशी यांची कादंबरी भारतात 2019 मध्ये ‘गर्ल इन व्हाइट कॉटन’ नावाने आली आणि पुढच्या वर्षी ‘बर्न्ट शुगर’ म्हणून बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत पोचली. पुण्यातली गोष्ट. आईला, ताराला, स्मृतिभ्रंश. सांगणारी तिची मुलगी अंतरा. मी पुण्यातच अशा रुग्णांच्या चाचण्या घेते, त्यामुळे आमच्या वाचनगटात सगळ्यांत उत्साही मीच.

चर्चेच्या दिवशीच ओपीडीत पन्नाशीच्या एक बाई आईला घेऊन आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) आईंना वार सांगता आला नाही. 100 मधून 7-7 वजा करत जाताना 93 वरच गाडी थांबली. काढायला सांगितलेल्या घड्याळाचे सगळे आकडे एकाच बाजूला. हे रोजचंच. मग मुलीला विचारलं, संध्याकाळी काही त्रास?

“पिशवी भरते. म्हणते, पोर आजोळी आहे, आणायला जायचंय. ती पोर म्हणजे मीच. सहा वर्षांची होते, आजीकडे ठेवून गेली. न्यायला आलीच नाही.”

दिवस कलला की अशी घालमेल या आजारात खूप दिसते. वाद घालू नका, जरा फिरवून आणा, असं आम्ही सांगतो, मीही सांगितलं.

“फिरवते ना. एकदा मात्र म्हटलं, मेली तुझी पोर. रात्रभर रडली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी परत पिशवी. मग रिक्षा केली. कोपऱ्यावर पोचलो तर म्हणे, थांबा, पोरीला खाऊ घ्यायचा राहिला.”

संध्याकाळी चर्चेत मी जरा तडकूनच बोलले. आईच्या हालांनी आपल्याला आनंद होतो, ही कबुली अंतरा पहिल्याच वाक्यात देते. विसरलेल्या माणसाकडे हिशेब मागायचा कसा, हा पेचही जबरदस्त. आश्रमातली प्रकरणं तर उत्तमच. पण अंतराला स्वतःबद्दल सगळंच आधीपासून ठाऊक, आणि वाक्यं इतकी धारदार की ताराला हलायला जागा नाही. ती संसार सोडते, लेकीला आश्रमात नेते, क्लबबाहेर भीक मागते. तरी मुलीने ठरवून दिलेल्या आईपलीकडे ती कधी जातच नाही.

“मुलगीच सांगतेय म्हटल्यावर आई तिच्या मुठीतच असणार,” एक सहकारी म्हणाली. “तुला कादंबरी नको होती, केस हवी होती.”

असेलही. पण पिशवीवाली आईसुद्धा मला मुलीच्याच तोंडून कळली होती, आणि खाऊचं तिने त्या मुलीला विचारून ठरवलं नव्हतं.