रोज एक फोटो, आणि तो बरोबरची खूण केलेला चौकोन

"मी माझ्या फोनमधील सर्व माहितीचा बॅकअप घेतलेला आहे." या वाक्यापुढे एक चौकोन, चौकोनात आधीपासूनच छापून आलेली बरोबरची खूण आणि खाली माझ्या सहीची जागा. एवढे महिने लोटले, तरी तो कागद आठवला की तिडीक जाते. फोन मेलेला. पडदा काळा. बटण दाबलं तर थरथरतही नाही. अशा फोनचा बॅकअप मी काय मंत्र म्हणून घेणार होते?

माझी बहीण म्हणते, तू नेहमी मधूनच सुरू करतेस. म्हणून आधी पाडव्यापासून सांगते.

२०२४चा गुढीपाडवा ९ एप्रिलला होता. आम्ही कळव्याहून सकाळीच स्वागतयात्रा बघायला ठाण्यात आलो होतो. कौपिनेश्वराच्या देवळाजवळ ढोलपथकातली एक मुलगी फुटपाथच्या कडेला बसून बोटांना चिकटपट्टी गुंडाळत होती, दाताने पट्टी तोडत. तिला विचारून फोटो काढला. लेकीने बघितला आणि म्हणाली, "आई, असा रोज एक काढ ना. वर्षभर." तिने कुठेतरी वाचलं होतं, न्यूयॉर्कमध्ये जेमी लिव्हिंग्स्टन नावाचा एक माणूस १९७९पासून रोज एक पोलरॉइड काढायचा, १९९७ साली वारला त्या दिवसापर्यंत. साडेअठरा वर्षं! मला एकच वर्ष काढायचं होतं.

नियम मीच ठरवले. फोटो त्याच दिवशी काढलेला हवा, मी काढलेला हवा, आणि माझ्याच फोनने काढलेला हवा. तिसरा नियम कशाला घातला देव जाणे.

पहिले शंभर दिवस मजेत गेले, त्यात सांगण्यासारखं फार नाही. ऐरोलीला खाडीतले फ्लेमिंगो बघितले (तिथली बोट भरती-ओहोटीच्या वेळेवर सुटते, आधी चौकशी करूनच जा). मेच्या मध्याला आपल्याकडे सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. त्या दिवशी साडेबाराच्या सुमाराला ऑफिसच्या गच्चीवर पाण्याची बाटली उभी केली आणि बिनसावलीची बाटली टिपली. वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसातले चार जण ती बघायला वर आले आणि पाचवा आला तो गच्चीची किल्ली मागायला. बाकी दिवस म्हणजे तव्यावरची भाकरी, रात्री पावणेबाराला आठवण झाली म्हणून काढलेल्या चपला, जांभळी नाक्यावरची कोथिंबीरवाली मावशी. मावशीने फोटो काढू दिला, पण अट घातली, "ताई, मला कागदावरचा पायजे." कुणाचा फोटो काढलात तर त्याची प्रिंट नेऊन द्या. पुढच्या वेळी कोथिंबीर तरी जास्त मिळते.

१०७वा दिवस, जुलैचा शेवटचा आठवडा, बुधवार. संध्याकाळी ऑफिसातून स्टेशनकडे येताना तलावपाळीवर पाऊस असा कोसळत होता की पलीकडचा काठ दिसेना. होड्या बांधून ठेवलेल्या, त्यांच्यात पाणी साचलेलं आणि त्या साचलेल्या पाण्यावर पावसाचे टपोरे थेंब. काठाशी वाकून मी काढला फोटो. छत्री एका हातात, फोन दुसऱ्या हातात, आणि वाऱ्याने छत्री उलटी झाली. फोन पाण्यात पडला नाही, नुसता भिजला. खोक्यावर तर लिहिलेलं की पाणी लागलं तरी चालतं. घरी आल्यावर चार्जरला लावला. ही माझी चूक. पाणी गेलेला फोन चार्जरला कधीही लावू नका. ओल्या बोर्डातून वीज खेळली की तो तासाभरात गंजायला लागतो. रात्री साडेदहाला पडदा एकदा हिरवा चमकला आणि गेला.

मग तांदळाचा डबा. त्याबद्दल पुढे सांगते.

बॅकअप का नव्हता, हेही कबूल करते. मोफतची १५ जीबी जागा मेमध्येच भरली होती. त्यात फोटोंपेक्षा जास्त भरणा सोसायटीच्या ग्रुपवर येणाऱ्या सुप्रभातच्या फुलांचा. "जागा संपली" हा निरोप मी रोज बोटाने बाजूला सारत होते. दुसऱ्याच्या व्हाउचरवर एक सही राहिली तरी परत पाठवणारी मी!

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो. सोबत हे होते. टोकन ६४, फळ्यावर ४१. दीड तासाने काउंटरवर पोहोचलो. मुलाने सिमचा ट्रे काढला आणि फटीत बॅटरी मारली. आत एक पांढरी पट्टी असते, पाणी लागलं की ती लाल होते. लाल झाली होती. "लिक्विड डॅमेज, मॅडम. वॉरंटीत बसत नाही." मग खोक्यावर लिहिलंय ते काय? तर पाणी सोसेल असं लिहिलेलं असतं, पाणी गेलं तर कंपनी भरून देईल असं कुठे लिहिलेलं नसतं. बरं. पैसे भरायची माझी तयारी होती. मला आतले १०७ फोटो हवे होते.

तेव्हा त्याने तो छापील कागद पुढे सरकवला.

"बॅकअप घेतलेला नाही," मी म्हटलं.

"हो मॅडम, नुसती सही करा."

"घेतलेला नाही आणि घेतला आहे याच्याखाली सही करू?"

"सगळेच करतात, मॅडम."

"घेतलेला नाही असा दुसरा चौकोन कुठाय?"

"सिस्टीममध्ये ऑप्शनच नाही."

पंचवीस वर्षं मी हिशेब लिहितेय. न घडलेल्या गोष्टीखाली केलेली सही ऑडिटच्या वेळी कशी वर येते, ते मी दुसऱ्यांच्या बाबतीत बघितलंय. म्हटलं, मी खाली पेनाने लिहिते, बॅकअप नाही, डेटा पुसू नये. तर म्हणे कागद स्कॅन होतो, त्यावर काही लिहायचं नाही. मागच्या रांगेतले लोक घड्याळं बघायला लागले. हे म्हणाले, "अगं, सही कर आणि मोकळी हो. फोटोच तर आहेत." त्यानंतर घरी पोहोचेपर्यंत मी एक शब्द बोलले नाही.

निघण्यापूर्वी एक केलं. यांचा फोन घेतला आणि त्या चौकोनाचा फोटो काढला. लगेच वॉचमन धावत आला, "मॅडम, फोटो अलाऊड नाय." तोवर निघाला होता. १०८वा दिवस.

शनिवारी पुन्हा गेले. यावेळी मॅनेजर नव्हते, आणि खरेदीचं मूळ बिल लागेल, हे आज कळलं. परवा का नाही सांगितलं? "परवा सही नव्हती ना झाली." ऐनवेळी उपयोगी पडावा म्हणून मी बिलाचा फोटो काढून ठेवला होता. फोनमध्ये. पण त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं वर्षभरात उडतात, हे मला ऑफिसमुळे माहीत आहे, म्हणून प्रत्येक बिलाची झेरॉक्स घरच्या फाइलला लावलेली असते. तुम्हीही लावा. बाहेर आले तर आभाळ गच्च. मेसारखाच जुलैच्या शेवटीही एकदा सूर्य डोक्यावर येतो, तो दिवस मी कॅलेंडरवर खूण करून ठेवला होता. एरवीही ढगांत काही दिसलं नसतंच, पण त्या दिवशी राग काढायला तेवढंही पुरलं.

सोमवारी झेरॉक्स घेऊन तिसरी फेरी. मॅनेजर भेटले, वयाने माझ्या भाच्याएवढे. मी शांतपणे विचारलं, "उद्या माझा डेटा पुसला गेला आणि मी तक्रार केली, तर तुम्ही हाच कागद दाखवणार ना?" ते गप्प. "मग तो कागद खोटा आहे हे आपल्या दोघांनाही आत्ता ठाऊक आहे." त्यांनी कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खिशातलं पेन काढून दिलं. मी माझी ओळ दोन्ही प्रतींवर लिहिली, तारीख घातली, त्यांच्याकडून शिक्का मारून घेतला. त्या क्षणी कोणी विचारलं असतं, तर फोटो मिळाल्याइतकाच आनंद झाला म्हणून सांगितलं असतं.

पण झालं काय? पाच दिवसांनी फोन आला. बोर्ड बदलावा लागेल, १४,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १७,११०. "आणि डेटा?" "डेटा जाणार, मॅडम. तो बोर्डवरच असतो." हे मात्र त्यांचं खरं होतं. फोनची मेमरी बोर्डावर डाग देऊन बसवलेली असते आणि आतलं सगळं अशा कुलपात की किल्लीही त्याच बोर्डावरच्या चिपमध्ये. चिप सोडवून दुसरीकडे लावली तरी काही वाचता येत नाही. जुना बोर्ड जिवंत करणं हाच एक मार्ग, आणि तो तिथे करत नाहीत, नवीन घालतात. हे पहिल्या दिवशी काउंटरवर एका वाक्यात सांगितलं असतं, तर माझ्या तीन फेऱ्या, दोन अर्ध्या रजा आणि तपासणीचे ५९० रुपये वाचले असते. मी दुरुस्ती नको म्हटलं. तर फोन परत यायला आणखी तीन ते चार कामाचे दिवस!

या सगळ्या काळात संध्याकाळी हे घरी आले की त्यांचा फोन माझ्या ताब्यात. त्यांच्या कॅमेऱ्याच्या काचेवर चरे, त्यामुळे प्रत्येक दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वलयं. ११५व्या दिवशी हे एका अंत्यविधीला नाशिकला गेले आणि फोनही गेला. शेजारी मागायची लाज वाटली. ती जागा रिकामी आहे. लेक म्हणाली, आदल्या दिवशीचा एखादा जास्तीचा लाव, कोण बघतंय. तिला चौकोनाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून ऐकवली.

फोन हातात आला १२१व्या दिवशी. १२२ला ऑफिसातल्या शिपायाने सांगितलेल्या, गावदेवीच्या बाजूच्या गल्लीतल्या चार फुटी दुकानात गेले. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, "ताई, तांदळात ठेवला होता?" चार्जिंगच्या भोकातून चिमट्याने कणी काढून त्याने माझ्या तळहातावर ठेवली. तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, वर पीठ मात्र आत सोडतो. फोन लगेच बंद करायचा, सिम काढायचं, पुसायचा आणि त्याच दिवशी उघडणाऱ्याकडे न्यायचा, एवढंच करायचं असतं.

माझ्यासमोर उघडला. बोर्डाच्या कडेला हिरवट-पांढरा गंज. अल्कोहोलने ब्रशने घासला, तरी बोर्ड शॉर्टच दाखवत होता. मग त्याने राळ जाळून तिचा धूर बोर्डावर धरला. पांढरा थर बसला, जणू भाताच्या खिरीची साय. बाहेरून थोडी वीज दिली. जो भाग शॉर्ट असतो तो तापतो आणि तेवढ्याच जागेवरची राळ वितळते. सगळ्या पांढऱ्या थरात मोहरीच्या दाण्याहून लहान एक काळा ठिपका उमटला. तोच उचलून काढला आणि बटण दाबलं. फोन थरथरला.

"आधी उतरवून घ्या, ताई. किती दिवस चालेल सांगता येत नाही." १,८०० रुपये, दोन तास. त्याच्याच लॅपटॉपवरून पेनड्राइव्हवर उतरवले, १०७च्या १०७. तलावपाळीचाही होता, खालच्या कोपऱ्यात उलट्या छत्रीची एक काडी आलेली. त्या दिवसाचा फोटो म्हणून मी राळ लावलेला बोर्ड काढला होता, यांच्या फोनने. एकदा सेंटरवरच्या मॅनेजरना नेऊन दाखवावा असं फार वाटलं. गेले नाही.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी चहाबरोबर आठवड्याचे सात फोटो पेनड्राइव्हवर जातात आणि वहीत आकडा लिहिला जातो. महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवरचे उघडून बघा, नुसती नावं मोजू नका. व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवून ठेवला म्हणजे झालं असं समजू नका, तिथे तो बारीक होऊन जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तरच मूळचा राहतो. आणि डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो, ऑफिसातून निघेपर्यंत काळोख, तेव्हा फोटो जेवणाच्या सुट्टीतच काढून घ्या. हे मला जानेवारीत सुचलं, तोवर स्टेशनबाहेरचे दिवे वीस वेळा काढून झाले होते.

पुढचा पाडवा ३० मार्चला आला. मी आपलं पाडवा ते पाडवा म्हणजे वर्ष धरून बसले होते, आणि मोजलं तर ३५६वाच दिवस. आपलं चांद्रवर्ष लहान, त्यात मध्ये अधिक महिना नव्हता. आणखी नऊ दिवस. त्यात दुसऱ्याच दिवशी ३१ मार्च, हिशेबाचं वर्ष संपण्याचा दिवस. रात्री अकरापर्यंत ऑफिसात. त्या दिवशीचा फोटो स्टेपलरचा आहे.

८ एप्रिलला तलावपाळीवर गेलो. होड्या चालू होत्या, आभाळात ढगाचा ठिपका नाही. यांनी स्टेशनबाहेरून गळ्यात अडकवायची प्लॅस्टिकची पिशवी आणली होती, पाणी न जाणारी, नव्वद रुपयांची. म्हटलं, अहो, एप्रिलमध्ये? "घाल," म्हणाले. घातली. पिशवीतून काढल्यामुळे फोटो जरा धुरकट आलाय. तोच ठेवला.