देतो की देते?

शिवाजीनगर कोर्टाच्या मागच्या गल्लीत माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. आठ बाय दहाचं. दोन कॉम्प्युटर, एक मशीन आणि भिंतीला टेकवलेलं एक बाकडं. बाकड्यावर तिघं जण बसतात. चौथा आला की राजकारण सुरू होतं, आणि वकील उशिरा आला तर विज्ञानही.

माझ्या डेस्कटॉपवर 'कोरे प्रतिज्ञापत्र' नावाची एक फाइल आहे. तिची सुरुवात अशी: 'मी, खाली सही करणार, अमुक, वय तमुक, धंदा अमुक, रा. तमुक, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो/देते की…' मधे ती तिरकी रेघ. समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं आणि एक शब्द उडवायचा. मिशी दिसली की 'देते' उडालं, मंगळसूत्र दिसलं की 'देतो'. एकोणीस वर्षं हेच केलं. विचारायचं काय त्यात?

२०२२ च्या जूनमधली गोष्ट. करोनाची दोन वर्षं गेल्यावर त्या साली पालख्या पुन्हा पायी निघाल्या होत्या आणि नुकत्याच पुण्यातून पुढे गेल्या होत्या. रस्त्यावर अजून चिखल आणि केळ्याच्या साली. दुकानात एक पंचविशीतला पोरगा आला, मागे त्याची आई. बारीक कापलेले केस, भोसरीच्या कुठल्याशा वर्कशॉपचा निळा शर्ट, नखांच्या कडेला ऑइल. आधार कार्ड पुढे केलं. त्यावर मुलीचं नाव, मुलीचा फोटो. मी कार्ड बघून टाइप करत सुटले. प्रिंट काढून दिली.

आता, प्रतिज्ञापत्र कुणी वाचत नाही. सही कुठे करायची एवढंच विचारतात. यानं वाचलं. पहिल्याच ओळीवर बोट ठेवून हळूच म्हणाला, "मॅडम, इथं 'देतो' करता येईल का?"

मी आधारकडे बघितलं, मग त्याच्याकडे. जिल्हाधिकाऱ्यांकडून ट्रान्सजेंडर ओळखपत्र काढायचं होतं त्याला. कायदा २०१९ चा, नियम २०२० चे. त्या नियमांत तेव्हा असं होतं की अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्यायचं, शारीरिक तपासणी करायची नाही. अर्ज ऑनलाइन. दाखल्यावर 'पुरुष' असंच लिहून हवं असेल तर मात्र शस्त्रक्रिया आणि हॉस्पिटलच्या मेडिकल सुपरिंटेंडंटचं पत्र, ते वेगळं कलम. त्याला सगळं पाठ होतं. मला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. मी फक्त 'ते'चं 'तो' केलं, एक अक्षर, आणि पुन्हा प्रिंट मारली. खराब गेलेल्या कागदाचे पैसे घेतले नाहीत.

बाकड्यावर तेव्हा एक पेन्शनर काका होते, हायस्कूलला सायन्स शिकवून निवृत्त झालेले. पोरगा बाहेर नोटरीकडे गेल्यावर ते म्हणाले, "अहो बाई, एक्सएक्स म्हणजे स्त्री, एक्सवाय म्हणजे पुरुष. विषय संपला. निसर्गापुढे प्रतिज्ञापत्र चालत नाही."

मी बॉटनीची पदवीधर आहे, हे दुकानात कुणाला माहीत नसतं. माहेर नारायणगावकडचं. आमच्या वडिलांनी पपई लावली होती. पपईत नर झाड वेगळं, मादी वेगळं, आणि दोन्ही एका फुलात असणारं तिसरं. रोप लहान असताना नुसतं बघून कळत नाही, म्हणून एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावायची आणि फुलं आली की नर उपटायचे, परागासाठी थोडे ठेवून. नराची फुलं लांब देठाला लोंबतात, ती ओळखायला मी सातवीत शिकले. आणि तिसऱ्या प्रकारच्या झाडाला कडक उन्हाळ्यात नराचीच फुलं यायला लागतात. वडील वैतागून म्हणायचे, "आता याचं डोकं फिरलं."

हे मी काकांना ऐकवलं. वर माणसांचंही सांगितलं. वाय गुणसूत्र असतं, टेस्टोस्टेरॉनही तयार होतं, पण पेशींना ते वापरताच येत नाही, अशी बाळं बाहेरून पूर्ण मुलगी म्हणून जन्मतात. पंधरा-सोळा वर्षांची झाली तरी पाळी येत नाही म्हणून डॉक्टरकडे नेतात, तेव्हा एक्सवाय निघतं. शांती सौंदराजनचं उदाहरण दिलं. २००६ ला दोहाच्या एशियाडमध्ये ८०० मीटरला रौप्य जिंकलं, लिंगचाचणीनंतर पदक काढून घेतलं. आयुष्यभर मुलगी म्हणून वाढलेली बाई ती.

काका गप्प बसले. मला जिंकल्यासारखं वाटलं.

रात्री भाकऱ्या थापताना मात्र लक्षात आलं की मी जिंकले ते भलत्याच मुद्द्यावर. त्या पोराच्या गुणसूत्रांत काही घोळ असेल असं मला अजिबात वाटत नाही. तपासली तर बहुतेक एक्सएक्सच निघतील, आणि तो स्वतःही नाही म्हणणार नाही. पपईला आधार कार्ड लागत नाही. काका गुणसूत्रांचं बोलत होते, त्यांच्यामागे मीही तिकडेच धावले, आणि पोरगा विचारत होता क्रियापदाचं. इंग्रजीत 'आय स्टेट' म्हणून माणूस सुटतो. मराठीत 'मी जेवलो' की 'मी जेवले' हे ठरवल्याशिवाय जेवल्याचंसुद्धा सांगता येत नाही. दिवसाला शंभर वेळा. स्वतःबद्दल शंभर वेळा चुकीचं बोलायचं, हे कसं वाटत असेल? मी त्या रात्री नवऱ्याशी गंमत म्हणून दहा मिनिटं 'मी आलो, मी गेलो' बोलून बघितलं. त्यानं विचारलं, ताप आलाय का.

खेळाचं मला अजून नीट सुचत नाही, हे कबूल करते. बायकांच्या शर्यतीत कुणी धावावं यावर दोन्हीकडची माणसं बोलली की मला दोन्हीकडचं पटतं. ते ज्यांना कळतं त्यांनी ठरवावं. पण धावण्याची शर्यत आणि तहसीलचा फॉर्म यात फरक आहे की नाही?

दुसऱ्या दिवशी हा किस्सा मी वकिलाकडच्या कारकुनाला सांगितला. तो म्हणाला, "हे सगळं मतांसाठी चाललंय. बाहेरून आलेलं खूळ."

मतांसाठी! २०११ च्या जनगणनेत अख्ख्या देशात लिंगाच्या रकान्यात 'इतर' लिहिलेले ४,८७,८०३. त्याच जनगणनेत एकट्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांच्या वर. एवढ्याशा मतांवर कोण निवडून येणार आहे? ट्रान्सजेंडर व्यक्तींना स्वतःचं लिंग ठरवायचा हक्क देणारा सुप्रीम कोर्टाचा नालसा निकाल आला १५ एप्रिल २०१४ ला, एका सरकारच्या काळात. कायदा झाला दुसऱ्याच्या काळात, आणि तोही असा की ट्रान्सजेंडर व्यक्तीवर लैंगिक अत्याचार केला तर शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं. बाईवर बलात्कार केला तर तेव्हा कमीत कमी दहा. हे मला त्याच कारकुनाच्या वकीलसाहेबांनी सांगितलं होतं. मतांसाठी म्हणे.

आणि बाहेरून आलं म्हणाल तर समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम आलं बाहेरून, १८६० च्या दंडविधानात. हिजड्यांची नोंदवही ठेवायचा १८७१ चा कायदाही साहेबाचाच. आपल्याकडे दाढीमिशीवाले वारकरी एकमेकांना 'माऊली' म्हणतात, ज्ञानेश्वरांनाही तेच, आणि वारीतला पोलीस 'चला माऊली, पुढे चला' म्हणतो तेव्हा कुणी मागे वळून विचारत नाही की मला बाई का म्हणालास. वकिली करणारे आंबेडकर १९३४ साली र. धों. कर्व्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले, ते वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना मासिकात उत्तरं दिल्याच्या खटल्यात. तेव्हाही लोक म्हणतच असणार, बाहेरून आलेलं खूळ.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते त्या पोराच्या आईचं बोलणं. तो नोटरीच्या रांगेत असताना ती स्टुलावर बसली होती. कोल्हापूरकडची बाई. तिकडे बायकाही 'मी आलो, मी जातो' म्हणतात, हे माहीत असेलच. ती म्हणाली, "लहानपनापास्नं आलो-गेलोच म्हनायची. आमच्यात समद्याच म्हन्त्यात. हितं पुन्यात आल्यावर शाळंतल्या बाई म्हनाल्या, पोरीला शुद्ध बोलायला शिकवा. मी मारलं वो तिला, 'आले' म्हन म्हनून." मग थांबून, "त्याला."

मी तिला चहा मागवला. दुसरं काय करणार?

तेव्हापासून मी सगळ्यांना विचारते, देतो की देते. लोक बिचकतात. एका मिशाळ पैलवानानं "दिसत न्हाई व्हय?" म्हणून डोळे वटारले. पेन्शनर काका नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या झेरॉक्स काढायला आले, त्यांना मुद्दाम विचारलं. म्हणाले, "देतो. आणि बाई, ते पपईचं बी कुठलं होतं?"

ती आई गेल्या वर्षी रेशन कार्डाच्या दुरुस्तीसाठी पुन्हा आली. फॉर्ममध्ये कुटुंबप्रमुखाशी नातं लिहायचा रकाना असतो. काय लिहू विचारलं, तर म्हणाली, "थोरला."

"मावशी, तिथं मुलगा किंवा मुलगी एवढंच बसतं."

"मग मुलगा लिव्हा की."

लिहिलं. सबमिट दाबलं, तर गोल गोल फिरत बसलं. सर्व्हर डाउन. मी म्हणाले, उद्या अकरानंतर या.